आत्याचा वाटा

सभागृहात वजनकाटा आला तेव्हा मुलं हसत हसत त्यावर चढली, पण त्यांच्या आया रुसून बसल्या. आमच्या बेटावर पोर गुटगुटीत असलं की आईची मान ताठ. पोराच्या बरगड्या दिसल्या तर शेजारीण कुंपणावरून विचारणार, "काय गं, घरात काही कमी आहे का?" अशा गावात राजधानीहून एक काटा येतो आणि सांगतो की तुमची पोरं गरजेपेक्षा जास्त जाड आहेत! एकीने तर काटाच बिघडलाय म्हणून त्यावर नारळाचं पोतं ठेवून पाहिलं.

मुलांचं वजन उतरवायचा हा वर्ग दुसऱ्या कुणी काढला असता तर आठवड्यात बंद पडला असता. पण तो काढला होता कालोलाइनेने. चाळीशीच्या आतल्या सगळ्या गावाला तिने शाळेत पाढे शिकवलेले, त्यामुळे तिच्यासमोर मोठमोठे बाप्येसुद्धा अजून शर्टाची बटणं लावायचे. आता शाळेतून निवृत्त झाली होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. राजधानीत जाऊन तिने आरोग्यखात्याचं प्रशिक्षण घेतलं आणि चर्चमागच्या सभागृहात बुधवार-शनिवार मुलांना जमवायला सुरुवात केली. आधी दोरीवरच्या उड्या, मग ढोलावर नाच, मग ओहोटी असली की खाजणाच्या वाळूत शिवाशिवी. शेवटी भिंतीवर तक्ता लावून खाण्यापिण्याचा धडा. एका बाजूला मासे, रताळी, अळकुड्या, पपई. दुसऱ्या बाजूला डब्यातलं खारं मांस, साखरेची पेयं, आणि सगळ्यात वर, लाल रंगात, परदेशातून गोठवून येणारं मेंढीच्या पोटाकडचं चरबीदार मटण.

"बाई, पण हे तर सगळ्यात चांगलं लागतं," जाड्या पाउला म्हणायचा.

"लागतं ना. म्हणूनच लाल रंगात आहे. चल, पळ."

कालोलाइने हे सगळं गावासाठी करत होती, हे खरंच. पण मनातून ती ते एका माणसासाठी करत होती आणि त्या माणसाशी तिला त्याबद्दल एक शब्द बोलता येत नव्हता. तो तिचा धाकटा भाऊ इसिलेली. जास्वंदीच्या कुंपणापलीकडेच त्याचं घर. रक्तात साखर झालेली, आणि आता डाव्या पायाला जखम. कुंपणाआडून ती त्याला लंगडताना बघायची. पण आमच्याकडे भाऊ-बहीण वयात आले की एका छपराखाली बसत नाहीत. बहीण आत आली की भाऊ दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. एकमेकांच्या देहाबद्दल, दुखण्याबद्दल बोलणं तर दूरच. "इसिलेली, पाय दाखव बघू," एवढं वाक्य तिच्या जिभेवर असायचं. पण ते कधी तोंडाबाहेर पडत नव्हतं. ती भावजयीला, सिसिलियाला सांगायची. सिसिलिया मान खाली घालून म्हणायची, "वन्सं, मी सांगते हो. पण बायकोचं कोण ऐकतं?"

इसिलेलीला एकच मुलगी, फीपे. अकरा वर्षांची, गोल चेहऱ्याची, बापासारख्याच रुंद खांद्यांची. तिच्या मानेवर काळसर वळ्या दिसायला लागल्या तेव्हा कालोलाइनेने त्या लगेच ओळखल्या. साखरेच्या दुखण्याची ही पहिली खूण, प्रशिक्षणात हेच तर शिकवलं होतं. भाऊ वाचायला हवा होता, आणि भाऊ वाचला नाही तर निदान ही पोर त्याच वाटेने जायला नको होती. फीपेला वर्गात यायचं का, असं कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे बापाच्या थोरल्या बहिणीचा शब्द बापाच्याही वर असतो. आत्या म्हणाली, पोर आली.

आत्याचा तसा मानच मोठा. घरातल्या चांगल्या गोष्टीचा पहिला वाटा तिचा. दर रविवारी पहाटे इसिलेलीच्या अंगणातल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर जेवण शिजायचं आणि प्रार्थनेहून परतल्यावर पहिली टोपली कुंपण ओलांडून बहिणीकडे जायची. टोपलीत रताळ्यांबरोबर लू असायचं: अळूच्या पानात, नारळाच्या दुधात बांधून शिजवलेलं तेच ते चरबीदार मटण. भाऊ बहिणीशी बोलत नसे, पण मटणाचा सगळ्यात मऊ तुकडा तिच्या पुडीत असायचा. त्याचं जे काही प्रेम होतं ते त्या पानात बांधलेलं असायचं.

वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी फीपे टोपली घेऊन आली.

"आत्या, बाबांनी पाठवलंय."

कालोलाइनेने पान उघडलं. वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. पण दारावरून पाउलाची आई चालली होती आणि तिची मान जिराफासारखी लांब झाली होती. मुलांना लाल रंग दाखवायचा आणि आपण घरी हे चापायचं? सोमवारपर्यंत गावभर झालं असतं.

"रताळी ठेव," ती म्हणाली. "लू परत ने. सांग, आत्या आता हे खात नाही."

फीपे घुटमळली. "परत? पण हा तुमचा वाटा आहे."

"मी सांगते ना. ने."

फीपेने पुडी परत नेली. कालोलाइनेला आपला अभिमानच वाटला. भावाला न बोलता निरोप पोचला, असंही तिला वाटलं. बहीण खात नाही म्हटल्यावर तो विचार करेल. त्याने काय विचार केला कोण जाणे. बहिणीच्या हातून परत आलेलं टाकायचं कसं, म्हणून त्याने आपल्या वाट्याचं लू खाल्लं आणि तिच्याही वाट्याचं खाल्लं. मग दर रविवारी तसंच होत गेलं.

एका शनिवारी धडा चालू असताना कालोलाइनेने तक्त्यावर छडी आपटली. "ज्याच्या रक्तात साखर आहे त्याला ही चरबी म्हणजे विष. कळलं? तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याच्या ताटात हे जाऊ देऊ नका. काय करायचं ते करा, पण जाऊ देऊ नका." बोलताना ती सगळ्यांकडे बघत होती, पण नजर शेवटी फीपेवर येऊन थांबली. भावाला सांगता येत नाही ते ती असं वळसा घालून सांगत होती. ही पोर घरी जाऊन बोलेल, असा तिचा हिशेब.

पण पोर बापाला काय बोलणार? बाप जेवत असताना पोरांनी तोंड वर करायचं नाही. बापाच्या कपातून प्यायचं नाही, बापाच्या ताटातलं खायचं नाही. खाल्लं तर बापाचा घात होतो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं. हे कालोलाइनेलाही माहीत होतं. त्या दिवशी ते तिच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

पुढच्या वजनाला पाउलाचा काटा जरा खाली आला. त्याने सभागृहाला एक फेरी मारून सगळ्यांना टाळ्या दिल्या. फीपेचा काटा वर गेला होता. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वर. पोर उड्या सगळ्यांपेक्षा जास्त मारायची, वाळूत पळताना दम लागला तरी थांबायची नाही, आणि काटा मात्र वरच. राजधानीहून डॉक्टर मोसेसे तपासणीला आले होते. तरुण, हसरा माणूस. त्यांनी भुवया उंचावून कालोलाइनेकडे पाहिलं. तिला जे लागायचं ते लागलं.

"फीपे, इकडे ये." "काय खातेस तू घरी? खरं सांग."

फीपे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"बोल ना! इथे उड्या मारायच्या आणि घरी जाऊन लपून चरायचं? चोरून खातेस ना?"

फीपेने होकारार्थी मान हलवली.

"लाज नाही वाटत? तुझ्या बाबांचा पाय बघतेस ना रोज? तसं व्हायचंय तुला?"

कुणीतरी मागून डुकरासारखा आवाज काढला आणि मुलं फिदीफिदी हसली. कालोलाइनेने त्यांना दटावलं नाही. तिला वाटलं, हसू देत. लाज वाटली की सुटेल सवय. फीपे रडली नाही. तोंड उघडून काहीतरी सांगणार असं क्षणभर वाटलं, मग तिने ओठ घट्ट मिटले आणि काट्यावरून खाली उतरली.

इसिलेली पावसाळा संपायच्या आत गेला. पायाची जखम त्याने शेवटपर्यंत झाकून ठेवली, पानांचे लेप लावत राहिला. ताप चढून बडबडायला लागला तेव्हा होडीतून मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं. तोवर विष रक्तात भिनलं होतं. कालोलाइने दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली. आत तिला जाता येत नव्हतं. तो जिवंत असेपर्यंत आत जाता आलं नाही. गेल्यावर मात्र मोठी बहीण म्हणून त्याच्या उशाशी बसायचा पहिला मान तिचाच होता. इतक्या वर्षांनी ती भावाच्या इतक्या जवळ बसली. त्याचे केस पांढरे झालेत हे तिला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, आणि ती अशी रडली की बायकांना तिला धरावं लागलं.

दफन झाल्यावर रिवाजाप्रमाणे मेलेल्याच्या लेकीचे केस कापायचे होते, आणि ते आत्यानेच कापायचे असतात. फीपे फाटक्या, खरखरीत शोकाच्या चटईत गुंडाळून तिच्यापुढे बसली. चटई इतकी मोठी की पोर त्यात बुडाली होती. कालोलाइनेने तिची लांब वेणी हातात घेतली.

"आत्या," फीपे हळूच म्हणाली, "मी एक..."

"हलू नकोस, कात्री लागेल."

"आत्या, मला सांगायचं..."

"नंतर, बाळा. नंतर." कालोलाइनेचे डोळे भरून आले होते आणि तिला कात्री दिसत नव्हती. वेणी तिच्या मांडीवर पडली. नंतर पाहुणे होते, रडणं होतं, डुकरं कापणं होतं, चटया वाटणं होतं. पोर काय सांगणार होती, हे विचारायचं राहून गेलं.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा कालोलाइनेने कंबर कसली. भाऊ गेला, आता ही पोर हातची जाऊ द्यायची नाही. आणि काय आश्चर्य, फीपेचा काटा खाली यायला लागला. पहिल्यांदा थोडा, मग झपाट्याने. गालांची गोलाई गेली, झगा खांद्यावरून ओघळायला लागला. उड्या मारताना ती मधेच भिंतीला टेकून उभी राहायची, पण कालोलाइनेने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. बापाच्या मरणाने पोरीला अक्कल आली, तिला वाटलं. डॉक्टर मोसेसे एप्रिलमध्ये आले तेव्हा त्यांनी आकडा दोनदा पाहिला.

"फार लवकर उतरलंय," ते म्हणाले. "खाणं नीट आहे ना हिचं?"

"आमच्या घरची जिद्द आहे डॉक्टर," कालोलाइने म्हणाली. तिने फीपेला पुढे उभं केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलांनो, बघा. आधी सगळ्यात मागे होती, आता सगळ्यात पुढे! वाजवा टाळ्या."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाउलाने तर शिट्टी मारली. फीपे टाळ्यांच्या मधोमध उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. कालोलाइनेच्या हाताला तिच्या खांद्याचं हाड लागलं, आणि त्या हाडाचाही तिला अभिमान वाटला.

मग मे महिन्यातला पहिला रविवार आला, मुलांचा रविवार. त्या दिवशी चर्च मुलांचं. पांढरे शुभ्र कपडे घालून मुलं बायबलातली वचनं म्हणतात, आयांचे डोळे आनंदाने वाहतात आणि नंतर लांबलचक पंगतीत आधी मुलं जेवतात, मोठे वाढतात. एरवी बापापुढे मान खाली घालणाऱ्या पोरांना त्या दिवशी बाप पंख्याने वारा घालतो. फीपेने आपलं वचन न चुकता म्हटलं, पण आवाज इतका बारीक की मागच्या बाकांवर पोचलाच नाही. तिला वारा घालायला कुणी नव्हतं म्हणून कालोलाइने स्वतः पंखा घेऊन तिच्यामागे बसली.

पंगतीत भाजलेलं डुक्कर होतं, मासे होते, कोनफळं होती, आणि आज वर्गाचे नियम बाजूला म्हणून लूही होतं. पाउलाचं तोंड कानापर्यंत माखलं होतं. फीपेने शहाळ्याचं पाणी एक घोट घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"आज खा गं," कालोलाइने म्हणाली. "आजच्या दिवशी मी काही बोलणार नाही."

"भूक नाही, आत्या."

सिसिलिया वाढता वाढता थांबली. तिने हातातली कोनफळाची पाटी खाली ठेवली. "वन्सं," ती खाली वाकून कुजबुजली, "हे गेल्यापासून ती जेवलेलीच नाही धड. पानातलं डुकरांना घालते. मी बघितलंय. तोंडात घास घेते आणि मागे जाऊन थुंकते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या वर्गाचं चाललंय असं वाटलं. तुम्ही इतक्या खूश होतात. तुमच्या पुढे मी काय बोलणार, वन्सं?"

कालोलाइनेच्या हातातला पंखा थांबला. तिने फीपेकडे पाहिलं. महिनोन्‌महिने तिला काट्यावर उभं करून पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. डोळे आत गेलेले. मनगट तर काठीसारखं झालेलं. एक पोर तिच्या देखत झिजत होती आणि ती टाळ्या वाजवायला लावत होती.

तिने पोरीचा हात धरला आणि सभागृहामागच्या नीरफणसाखाली नेलं. पंगतीतली लूची एक पुडीही बरोबर घेतली.

"आता सांग. तेव्हा काय सांगायचं होतं तुला? केस कापताना?"

फीपेने एकदम आत्याच्या पायांवर कपाळ टेकलं.

"मी बाबांना मारलं, आत्या."

"काय बोलतेस हे?"

"मी त्यांच्या ताटातलं खाल्लं. रोज. आई चुलीच्या खोपटातून ताट द्यायची, मी घरात नेऊन द्यायचे. मधे फणसाच्या झाडामागे थांबून त्यांच्या पानातली चरबी खायचे. तुम्ही म्हणालात ना, विष आहे, ताटात जाऊ देऊ नका. टाकून कसं देणार? बाबांचं अन्न डुकराला कसं घालणार? म्हणून मी खायचे. मला नको असलं तरी खायचे. बाबा हसायचे, म्हणायचे, तुझ्या आत्याचा वर्ग आता माझ्या मटणातपण घुसला वाटतं." ती हुंदके देत होती. "मला वाटलं बाबा बरे होतील. पण मी त्यांच्या ताटाला हात लावला. म्हणून घात झाला. मला माहीत होतं, लावायचा नसतो."

कालोलाइने तिच्याजवळ खाली बसली. वर गेलेला तो काटा तिला दिसला. चोरून खातेस ना? हलवलेली ती मान. आणि ती फिदीफिदी. आपण जे बोलू शकत नव्हतो ते या पोरीने गिळून दाखवलं होतं, आणि आपण तिला भर वर्गात चोर ठरवलं. पोर बापाला वाचवत होती. आणि आपण? आपण तक्त्यावर छडी आपटत होतो.

तिने फीपेला उचलून मांडीवर घेतलं. पोर उचलली गेली, इतकी हलकी झाली होती.

"ऐक. बाबा पायाच्या जखमेने गेले. डॉक्टरांनी सांगितलंय. तुझ्यामुळे नाही."

फीपेने मान हलवली. डॉक्टरांचं खरं असेल, पण ते तिच्या आत पोचत नव्हतं, हे दिसत होतं. डॉक्टरांना ताटाचं काय माहीत? मग कालोलाइनेला आठवलं की आपला शब्द डॉक्टरांच्याही वरचा आहे. या पोरीपुरता तरी आहे. तिने आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत केला.

"फीपे, माझ्याकडे बघ. आत्या सांगते आहे. ते मटण बाबांचं नव्हतंच. चांगल्या तुकड्याचा पहिला वाटा कुणाचा असतो?"

"तुमचा."

"माझा. तू माझ्या वाट्यातलं खाल्लंस. भाचीने आत्याच्या ताटातलं खाल्लं तर काही होत नाही. मी सोडलं तुला. काही घात नाही, काही पाप नाही. मी सांगते म्हणजे संपलं."

फीपेच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. किती महिन्यांनी तिने श्वास पुरा सोडला. नाक पुसून ती थोडा वेळ विचार करत बसली. रिकाम्या पोटीही पोर हुशारच होती.

"ते तुमचं होतं, आत्या?"

"हो."

"मग तुम्ही परत का पाठवायचात?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पलीकडे पंगतीत मुलं ओरडत होती, कुणीतरी ढोलावर थाप मारत होतं. कालोलाइनेला उत्तर माहीत होतं. पाउलाची आई दारावरून चालली होती. तेवढंच होतं ते. तिने फक्त हात पुढे करून घेतलं असतं, आपला हक्काचा वाटा आपल्याकडे ठेवून घेतला असता, हवं तर मागून दुप्पट घेतला असता, तर भावाला नाही म्हणायची सोय नव्हती. न बोलता त्याच्या तोंडचा घास काढून घेता आला असता. ते जगात तिलाच एकटीला करता येत होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तिने पुडी उघडली. पान गार झालं होतं, चरबी पांढरी होऊन थिजली होती. कालोलाइनेने एक तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात घातला आणि रडत रडत चावला. मग दुसरा तोडून फीपेपुढे धरला.

"आत्याच्या ताटातलं आहे," ती म्हणाली. "खा."

फीपेने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तुकड्याकडे, आणि तोंड उघडलं. घास तोंडात बराच वेळ तसाच राहिला. कालोलाइने तिच्या गळ्याकडे बघत बसली होती, ती गिळते का ते बघत.